प्रकल्प नोंदी: तीनशे मीटरवरचा माणूस पडद्यावर चार पिक्सेलचा

२५ मे २०२५, रविवार

आजपासून रोज काय केलं ते लिहून ठेवतोय. मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका जॉबवर्क शॉपमध्ये सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन) चालवतो आणि प्रोग्रॅमिंग करतो. मावसभाऊ इथेच इंजिनिअरिंगला आहे. दोघं मिळून दुसऱ्या महायुद्धातल्या स्नायपरची एक छोटी गेम करतोय. एकच मोहीम, इटली, जुलै १९४४. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो, कारण फुकट आहे आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. वेळ रात्री साडेनऊनंतरचा, दुसरी पाळी असली तर तोही नाही.

पहिलाच वाद रायफलवरून झाला. मावसभावाला रशियन मोसिन-नागां हवी होती. स्टालिनग्राडवरच्या गेम त्याने इतक्या खेळल्या आहेत की स्नायपर म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे तीच येते. मी म्हटलं, इटलीत जे आपले लोक लढले, ते ब्रिटिश फौजेच्या साठ्यातली शस्त्रं घेऊन. तिथे रशियन रायफल आणायची तर आधी ती कुठून आली याची गोष्ट रचावी लागेल. अमेरिकन स्प्रिंगफील्ड एम१९०३ए४ चा विचार केला. दुर्बीण जेमतेम अडीच पटीची, आणि दुर्बीण निकामी झाली तर नेम धरायला नळीवरची साधी माशी सुद्धा नाही. शेवटी ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ (टी) ठरली. कारखान्यातून नेमाला चांगल्या निघालेल्या रायफली बाजूला काढायच्या आणि त्यांवर साडेतीन पटीची नंबर ३२ दुर्बीण अन् दस्त्यावर लाकडी गालटेक बसवायची, अशी ती तयार व्हायची. हे काम मुख्यतः लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने केलं. दहा गोळ्यांचं मॅगझिन. मोसिन आणि जर्मन कार ९८के या दोन्हींत पाच.

२८ मे

ऑनलाइन रायफलचं तयार थ्रीडी मॉडेल घेतलं, ११५० रुपये. नाव ‘ली-एनफिल्ड स्नायपर’. उघडून पाहिलं तर नळीचं तोंड पुढच्या टोपीच्या बरोबरीत संपलेलं. म्हणजे ही जुनी नंबर १ मार्क ३, आणि तिच्यावर नंबर ३२ दुर्बीण डकवलेली. नंबर ४ ची नळी लाकडाच्या पुढे दोनेक इंच उघडी दिसते. घेण्याआधी ही एक गोष्ट बघितली असती तर पैसे वाचले असते. परत मिळत नाहीत. पुढचा भाग कापून नळी मीच नव्याने बनवली, त्यात दोन रात्री गेल्या. रोज बारा तास गोल वस्तूंच्याच सान्निध्यात असतो, त्यामुळे नळी तरी बरी जमली.

१ जून, रविवार

आज गोळी उडाली आणि माणसाच्या आरपार गेली. रक्त नाही, धक्का नाही, काही नाही. चाळीस गोळ्या झाडल्या, एक लागली.

कारण समजायला दुपार गेली. ली-एनफिल्डची .३०३ ची गोळी नळीतून सेकंदाला ७४४ मीटरने निघते. इंजिन सेकंदाला ६० वेळा हिशेब करतं. म्हणजे दोन हिशेबांच्या मधे गोळी बारा मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. माणसाची छाती फूटभर जाड. गोळी एकदा त्याच्या अलीकडे असते, पुढच्या खेपेला पलीकडे, आणि मधल्या माणसाचा पत्ता इंजिनला लागतच नाही. उपाय: प्रत्येक खेपेला गोळीच्या आधीच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेकास्ट (न दिसणारी सरळ रेषा) टाकायचा आणि वाटेत काही आलं का ते पाहायचं. गोळीला वस्तू म्हणून ठेवूच नका, तिची फक्त जागा आणि वेग साठवा. हे केल्यावर चाळीसपैकी चाळीस.

४ जून

गोळी पडते किती, याचं काम. आधी फक्त गुरुत्वाकर्षण घातलं होतं. नळी आडवी धरली तर ३०० मीटरला ८० सेंटिमीटर खाली, ५०० ला २ मीटर २० सेंटिमीटर. मग हवेचा अडथळा घातला. तेच आकडे ९७ सेंटिमीटर आणि ३ मीटर १० सेंटिमीटर झाले. जवळच्या नेमाला फार फरक नाही, पण पाचशेला जवळजवळ एक मीटरचा फरक पडतो. ज्यांना फक्त दोनशे मीटरपर्यंतची गेम करायची आहे त्यांनी हवेच्या भानगडीत पडू नये, आठवडा वाचेल.

७ जून

हवा आणि वारा मिळून आठवडा गेलाच.

आडवा वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे अंगणातल्या दोरीवरचे कपडे हलतील इतका. मी सरळ तो वेग गोळीच्या वेगात मिळवला. ३०० मीटरला गोळी १ मीटर ४० सेंटिमीटर बाजूला जाऊ लागली. मावसभाऊ म्हणाला, “दादा, हे वारं आहे का वादळ?” त्याचं बरोबर होतं. वारा गोळीला स्वतःबरोबर वाहून नेत नाही. गोळी भोवतालच्या हवेशी झगडत असते आणि त्या हवेचा वेग तिरका असतो, एवढंच. म्हणून अडथळा काढताना गोळीच्या वेगातून वाऱ्याचा वेग वजा करायचा आणि त्या उरलेल्या वेगावर अडथळा लावायचा. नीट लिहिल्यावर ३०० मीटरला १९ सेंटिमीटर आले, ५०० ला ५६. पहिल्या आकड्याच्या सातव्या हिश्शाइतकं. ही चूक मला इतरांच्या कोडमध्येही दिसली आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

८ जून, रविवार

आजचा दिवस मला सगळ्यात जास्त शिकवून गेला.

पडद्यावर ३०० मीटरवरचा शिपाई दिसतच नव्हता. मला वाटलं मॉडेल लहान झालं. गणित केलं: १.७ मीटर उंचीचा माणूस, १०८० ओळींचा पडदा, गेममधल्या कॅमेऱ्याचा कोन ७५ अंश. उत्तर चार पिक्सेल. म्हणजे मॉडेल बरोबर होतं, माणूस खरंच चार पिक्सेलचा.

खरा माणूस तीनशे मीटरवरून केवढा दिसतो, हे बघायला मामांच्या बागेत गेलो, मखमलाबादच्या पुढे. द्राक्षाच्या ओळींच्या कडेने सरळ शिवाररस्ता आहे. तीस मीटरची फीत घेऊन मोजलं. दहा फिती झाल्या की तीनशे. मावसभाऊ तिथे जाऊन उभा राहिला, मी इकडून बघितलं, फोटो काढले, टिपणं केली. पाऊस भुरभुरत होता. घरी येऊन मोबाईलच्या नकाशावर अंतर पाहिलं तर २७०. एक फीत मोजायची राहिली होती. पुन्हा गेलो. या वेळी दर तीस मीटरला बांबूची काठी रोवली. अर्धा दिवस वाया, पण आता आकडा खात्रीचा.

जे दिसलं ते असं. तीनशे मीटरवर तोंड ओळखू येत नाही. पण तो उभा आहे की बसलाय, हात वर केला, वळला, हे सगळं डोळ्याला लख्ख कळतं. मामांनी तर सांगितलं, “तो बघ, छत्री उघडतोय.” छत्री मिटलेली असताना सुद्धा ती हातात आहे हे दिसत होतं. चार पिक्सेलमध्ये यातलं काहीही दिसत नाही. मी आकडे शंभर टक्के खरे ठेवून खेळणाऱ्याला अर्धा आंधळा केला होता.

म्हणून उजवं बटण दाबून ‘निरखणं’ घातलं. दुर्बीण नाही, नुसतं टक लावून बघणं. कोन ७५ वरून ५० वर येतो, माणूस साडेसहा पिक्सेलचा होतो. शिवाय शिपायांच्या टोपीची कड जराशी उजळ केली. हे खऱ्यापासून दूर जाणं आहे, आणि मी ते जाणूनबुजून केलं. डोळा जे देतो ते पडदा देऊ शकत नाही, तिथे भर घालावीच लागते.

द्राक्षबागेतून फिरताना आणखी एक गोष्ट कळली. एप्रिल छाटणीनंतर आता पाला भरलाय. ओळीच्या दिशेने बघितलं तर टोकापर्यंत मोकळं दिसतं, दोन पावलं बाजूला सरकलो की भिंत. इटलीतल्या त्या डोंगरउतारांवरही द्राक्षमळे आहेतच. आमचा नकाशा आजच बदलला.

१२ जून

दुर्बिणीचा कोन चुकला होता. साडेतीन पट म्हणून मी ७५ ला साडेतीनने भागलं, २१.४ आलं. पट कोनाची नसते, पडद्यावरच्या आकाराची असते. अर्ध्या कोनाचा टॅन काढून त्याला साडेतीनने भागायचं, मग परत कोन काढून दुप्पट करायचा. बरोबर उत्तर २४.७. माउसचा वेगही त्याच पटीत कमी केला, नाहीतर नेम थाऱ्यावर राहत नाही.

१४ जून

रात्री अकराला वीज गेली. चार तासांचं काम जतन केलेलं नव्हतं. सकाळी युपीएसची नवी बॅटरी आणली, १४५० रुपये. पावसाळ्यात नाशकात हे काम करणाऱ्याने बॅटरी आधी घ्यावी, मॉडेल नंतर.

१८ जून

शेजारचे काका राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त. त्यांची उभी नोकरी थ्री-नॉट-थ्रीवर, म्हणजे ली-एनफिल्डवरच गेली. त्यांना बोल्टचं (दर गोळीनंतर ओढून नवं काडतूस आत घ्यायचा दांडा) ॲनिमेशन दाखवलं. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “प्रत्येक गोळीला मान का वर करतोय हा? गाल दस्त्यावरून हलवायचा नाही. आम्हाला त्यावर उस्ताद काठी मारायचे.” मग घरातला झाडूचा दांडा घेऊन पलंगावर आडवे झाले आणि करून दाखवलं. अंगठा आणि तर्जनीत बोल्टची गुंडी, तळवा वर, मागे, पुढे, खाली. सगळं मनगटात. गाल जागच्या जागी, डोळा उघडा, आणि ते चालू असतानाच तोंडाने मला सांगताहेत की बोट घोड्यावर लगेच जाऊ नये.

ली-एनफिल्डचा बोल्ट साठ अंशच वळतो आणि स्प्रिंग बंद होताना चढते, म्हणून हे जमतं. मोसिनचा नव्वद अंश वळतो, उघडतानाच जोर लागतो, नजर सुटते. रायफलींमधला खरा फरक हा आहे. बहुतेक गेममध्ये रायफल निवडताना ‘ताकद’, ‘पल्ला’, ‘स्थिरता’ अशा पट्ट्या दाखवतात. तीनशे मीटरवर या सगळ्या लष्करी काडतुसांची ताकद माणसाला सारखीच. फरक पडतो तो दुसरी गोळी किती वेळात आणि नजर न सोडता येते का, यात. आम्ही पट्ट्या काढून टाकल्या. ली-एनफिल्ड: १.३ सेकंद, दुर्बीण डोळ्याला लागलेलीच. मोसिनही सरावाच्या मैदानात ठेवली, मावसभावासाठी: १.९ सेकंद, आणि प्रत्येक गोळीनंतर लक्ष्य पुन्हा शोधायचं. चार गोळ्या झाडून त्याने स्वतःच एनफिल्ड उचलली.

एक गोष्ट एनफिल्डच्या विरुद्धही जाते. दुर्बीण मॅगझिनच्या अगदी वर बसते, त्यामुळे पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून भरता येत नाही. एकेक गोळी बोटाने आत ढकलायची. आम्ही ते तसंच ठेवलं. दहा गोळ्या भरायला वीस सेकंद.

बोल्टचा आवाज शॉपमध्ये रेकॉर्ड केला. बारा मिलिमीटरची पिन आणि तिचं बुश, तेल लावून, सुट्टीच्या वेळात. पहिल्या वेळी मागे कॉम्प्रेसर चालू होता, सगळं टाकून द्यावं लागलं.

२२ जून, रविवार

दुर्बिणीच्या अंतराच्या चकतीवर ३०० लावलं, ३०० मीटरवर नेम धरला, गोळी १० सेंटिमीटर खाली. ५०० ला ३६ सेंटिमीटर खाली. तीन रात्री मी हवेचा अडथळा तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच. नंबर ३२ च्या चकतीवरचे आकडे यार्डांत आहेत. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. चकती यार्डांतच ठेवली आणि नकाशावरची अंतरंही यार्डांत केली. शिपायाच्या हातात जे होतं तेच खेळणाऱ्याच्या हातात.

२९ जून, रविवार

मावसभावाच्या वसतिगृहातल्या सहा मुलांना खेळायला दिलं. सहापैकी चौघांचं म्हणणं एकच: “एक गोळी झाडली की सगळे आपल्याकडे वळतात.” मी शत्रूला गोळी सुटताच खेळणाऱ्याची नेमकी जागा सांगत होतो.

काकांना विचारलं. म्हणाले, “रेंजवर बट्समध्ये ड्युटी लागायची. खड्ड्यात बसायचं, डोक्यावर टार्गेट. गोळी वरून जाते तेव्हा कड् असा आवाज होतो, चाबकासारखा. मग मागनं येतो रायफलचा आवाज, धप्प. पहिल्या आवाजावरून कुठनं आली ते कळत नाही.”

गोळी आवाजापेक्षा वेगाने येते. ३०० मीटरला ती अर्ध्या सेकंदाच्या आत पोचते, रायफलचा आवाज मात्र पाऊण सेकंद उलटून गेल्यावर. मधलं अंतर ०.४१ सेकंद. १०० मीटरला ०.१५, ५०० ला ०.६०. आता शत्रू पहिल्या कडाक्याला आडोसा घेतो, पण दिशा त्याला साठ अंश इकडेतिकडे चुकीची वाटते. दुसऱ्या ‘धप्प’ला अंदाज सुधारतो. त्याच जागेवरून तिसरी गोळी झाडली तर मात्र सापडलात. या एका बदलाने गेमचा स्वभाव बदलला. पूर्वी पोरं एका झाडाखाली बसून दहा गोळ्या संपवायची, आता दोन झाल्या की सरकतात.

मावसभावाला सायलेन्सर हवा होता. नाही म्हटलं. सायलेन्सर नळीच्या तोंडाचा आवाज दाबेल, हवेतला कडाका कसा दाबणार? त्या काळात डी लाईल कार्बाइन होती, खरोखर शांत, पण तिच्यात पिस्तुलाची .४५ ची हळू गोळी, पल्ला थोडका, आणि बनल्याही अगदी मोजक्या.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. शॉपला सुट्टी घेतली होती किलकॅम पूर्ण करायला. गोळीच्या मागे कॅमेरा जातो, सगळं मंद होतं, हाडं फुटताना दिसतात. ‘स्नायपर एलिट व्ही२’ने २०१२ मध्ये हाडं दाखवणं आणलं तेव्हापासून स्नायपर गेम म्हटलं की लोक हेच मागतात. मी त्यावर नऊ रात्री घालवल्या होत्या, दिसायलाही झकास झालं होतं.

मोहिमेच्या सुरुवातीला दाखवायचा मजकूर लिहायचा म्हणून नाईक यशवंत घाडगे यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं (ब्रिटिश फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक) मानपत्र पुन्हा वाचलं. आमची गेम त्यांच्याच भागातली, अप्पर टायबरचं खोरं, ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. तारीख १० जुलै १९४४. मला ती पाठ होती, पण आज तोच दिवस आहे हे वाचताना लक्षात आलं. मशीनगनने त्यांच्या तुकडीतले सगळे मारले किंवा जखमी केले. ते एकटे धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, एकाला टॉमीगनने (हातातली छोटी मशीनगन) मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. आणि मग शत्रूच्या स्नायपरनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्याच ठाण्यावर ते गेले.

हे मी आधीही वाचलं होतं. शेवटचं वाक्य नजरेखालून गेलं होतं, आत गेलं नव्हतं. रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळचा हा माणूस ज्या गोळीने गेला, तसलीच गोळी मी नऊ रात्री मंद करून, हाडांसकट, सजवत बसलो होतो. मला ते पुढे करवेना.

मावसभावाशी भांडण झालं. “दादा, हेच बघून लोक डाउनलोड करतात. आणि तुलाच खरेपणा हवा ना? हाडं फुटतात हे खरंच आहे.” त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पण दुर्बिणीतून बघणाऱ्याला हाडं दिसत नाहीत. त्याला एक माणूस खाली बसल्यासारखा दिसतो, आणि शेजारचा त्याच्याकडे वळतो. मागे सरकताना रायफल उसळते, दृश्य हलतं, बऱ्याचदा गोळी लागली की नाही हेसुद्धा लगेच समजत नाही. मी म्हटलं, आपण तेवढंच दाखवू. तो बोलेनासा झाला.

१३ जुलै, रविवार

किलकॅम काढला. कोड वेगळ्या फोल्डरमध्ये आहे, पुसलं नाही, त्याच्या समजुतीसाठी. त्याऐवजी गोळीनंतर दुर्बिणीतलं चित्र उसळतं आणि सावरायला पाऊण सेकंद घेतं. सावरेपर्यंत जे घडलं ते घडून गेलेलं असतं.

मोहिमेचाही रोख बदलला. पूर्वी अमुक इतके अधिकारी टिपा असं होतं. आता खालच्या उतारावरून आपली एक तुकडी वर चढतेय आणि समोरच्या कड्यावर लपलेले दोन स्नायपर तिच्यावर टपलेत. ते दिसत नाहीत. तुकडीवर कडाका होतो, धप्प होतं, मधला वेळ मोजून अंतर काढायचं, चकती फिरवायची, आणि मग पाल्यात शोधायचं. हे सुचवलं मावसभावाने, अबोला संपल्यावर पहिलं वाक्य म्हणून.

२० जुलै, रविवार

काकांना हेडफोन लावून बसवलं. माउस त्यांना जमत नाही, म्हणून चालवायला मावसभाऊ, बोलायला काका. पहिली गोळी तुकडीवर पडली. काकांनी डोळे मिटले. दुसरी पडली. “तीनशेच्या पुढे. साडेतीनशे लाव.” खरं अंतर ३४० यार्ड होतं. मग शोधाशोधीत सहा मिनिटं गेली, आपले दोघं पडले, काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, “घाई करू नको, पानं बघ, पानं.”

आतापर्यंतचा खर्च: मॉडेल ११५०, बॅटरी १४५०, काकांना नीट ऐकू यावं म्हणून हेडफोन १८००. वेळ आठ आठवडे, त्यातले तीन चुकांत.

राहिलेलं काम: पावसाच्या आवाजात ‘धप्प’ बुडतो, तो पातळीने वर आणायचा की पाऊसच थांबवायचा हे ठरलेलं नाही. गोळ्या एकेक भरताना हाताचं ॲनिमेशन सातव्या गोळीला अडकतं. शत्रूच्या कार ९८केला सध्या आमचीच दुर्बीण लावलेली आहे, तिला चार पटीची जर्मन दुर्बीण द्यायची, आणि या वेळी मॉडेल विकत घेण्याआधी जुन्या फोटोंशी ताडून बघायचं.